युद्ध वगळून : प्रवासविम्यातल्या एका कलमाचं वाचन

आजचा विषय कळवल्यावर आयोजकांनी विचारून घेतलं, की समीक्षेच्या मालेत विमा कुठून आला? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की आपल्या घरांमधून हल्ली कवितासंग्रहापेक्षा प्रवासविम्याची पॉलिसी जास्त वेळा विकत घेतली जाते. (हशा) मुलगी शिकायला जर्मनीत, भाचा नोकरीला दुबईत, आईवडील टूर कंपनीबरोबर जॉर्डन-इजिप्त करून येतात. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक भली मोठी पीडीएफ पडून असते. लोक ती पैसे देऊन घेतात, 'मला मान्य आहे' या चौकोनात खूण करतात, आणि वाचत नाहीत. एवढा खप असलेल्या मजकुराची समीक्षा कुणीतरी करायलाच हवी.

त्या पीडीएफमधलं एकच वाक्य आज वाचायचं आहे. युद्धाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन, एप्रिल २०२३ मध्ये सुदान, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इस्रायल, जून २०२५ मध्ये इराण. दर वेळी आपले लोक तिथे अडकले, आणि दर वेळी घरच्या व्हॉट्सॲप गटावर कुणा ना कुणा काकांनी विचारलं, "अरे, पण विमा काढलाय ना? मग?" या 'मग'चं उत्तर त्या एका वाक्यात दिलेलं असतं, प्रवासाला निघण्याच्या आधीच.

पॉलिसीची बांधणी आधी पाहू. सुरुवातीच्या पानांवर आवाज मोठ्या मनाचा असतो. तिथे कंपनी 'आम्ही' असते आणि आपण 'तुम्ही'. तुम्ही आजारी पडलात तर आम्ही भरू, सामान हरवलं तर आम्ही देऊ, पासपोर्ट गेला, विमान चुकलं, काही बरंवाईट झालं आणि पार्थिव परत आणायचं झालं तरी आम्ही आहोत. मग एका पानावर 'सर्वसाधारण अपवाद' असा मथळा येतो आणि आवाज बदलतो. 'आम्ही' नाहीसे होतात. वाक्यं लांबतात, पूर्णविराम दुर्मीळ होतात. तिथे युद्धाचं कलम बसलेलं असतं. कंपनीगणिक शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण आशय असा: युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, शत्रुत्वाच्या हालचाली, मग युद्ध घोषित असो वा नसो, यादवी, बंड, क्रांती, उठाव, लष्करी किंवा बळकावलेली सत्ता, जप्ती, पकड, अटक, अडवणूक, यांतून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उद्भवणाऱ्या कोणत्याही हानीची जबाबदारी नाही.

यातल्या 'घोषित असो वा नसो' या तुकड्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण त्याचं कौतुक वाटलं. राज्यकर्ते युद्धाला सहसा युद्ध म्हणत नाहीत. रशियाने २०२२ मध्ये 'विशेष लष्करी कारवाई' हा शब्द काढला. १९६२ मध्ये भारत आणि चीन एक महिना लढले, पण कुणी कुणाविरुद्ध रीतसर युद्ध पुकारलं नव्हतं. या बाबतीत विमा कंपनीचा मजकूर सगळ्या सरकारांच्या मजकुरांपेक्षा सत्याला धरून आहे. तुम्ही त्याला काहीही म्हणा, आम्ही त्याला युद्धच म्हणणार, असं ती सांगते. आता हे सत्य ती आपला खिसा राखण्यासाठी सांगते, हा भाग वेगळा. (हशा)

दुसरा तुकडा 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष'. बॉम्ब पडला आणि माणूस जखमी झाला, हे प्रत्यक्ष. अप्रत्यक्ष कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं? २३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि कतारने काही तास आपली हवाई हद्द बंद केली. मुंबईहून दोहामार्गे लंडनला निघालेली एखादी बाई समजा. तिचा इराणशी संबंध नाही, कतारशीसुद्धा विमान बदलण्यापुरताच. तिचं पुढचं विमान रद्द झालं, हॉटेलचं आगाऊ भरलेलं भाडं बुडालं, रक्तदाबाच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत राहिल्या. हे नुकसान युद्धातून अप्रत्यक्षपणे उद्भवलं का? वाक्य जसं लिहिलंय तसं वाचलं तर उत्तर 'हो' येतं. युद्धाच्या जागेपासून कितीही लांब गेलात तरी 'अप्रत्यक्ष' हा शब्द तुमच्या मागे येऊ शकतो. त्याला हद्द आखलेली नाही. कादंबरीकाराने असा शब्द वापरला तर आपण त्याला ढिसाळ म्हणू. इथला लेखक ढिसाळ नाही. हद्द आखली की तिच्या अलीकडचं द्यावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आता या वाक्याचं कुळ. लंडनच्या लॉईड्स बाजाराने १७७९ मध्ये सागरी विम्याचा एक नमुना ठरवून घेतला. त्यात कंपनी कोणकोणती संकटं आपल्या अंगावर घेते याची यादी होती. समुद्र, मग लगेच युद्धनौका, आग, शत्रू, चाचे, लुटारू, जहाज पकडलं जाणं, आणि राजेरजवाड्यांनी केलेली अटक आणि अडवणूक. ही यादी विमा देण्याची होती, बरं का. युद्ध हे विम्याच्या मुख्य कारणांपैकी एक होतं. हा नमुना थोड्याफार डागडुजीने दोनशे वर्षं, म्हणजे १९८० च्या दशकापर्यंत चालला. पण मधल्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, त्याला एक शेपूट जोडायची रीत पडली: पकड आणि जप्ती वगळून. आणि आज तुमच्या मोबाइलमधल्या पीडीएफमध्ये 'पकड, अटक, अडवणूक' हे शब्द येतात ते याच घराण्यातले. नामं तीच आहेत. एके काळी ती 'आम्ही देऊ'च्या खाली होती, आता 'आम्ही देणार नाही'च्या खाली आहेत. एखाद्या शब्दसमूहाचा अर्थ इतका उलटा होऊनही एकही शब्द बदलू नये, हे भाषेत क्वचित घडतं.

आपल्याकडेही याची आठवण शब्दांत उरली आहे. हुंडेकरी म्हणजे ठरलेल्या रकमेत वाटेवरची जकात, भाडं वगैरे सगळं अंगावर घेऊन माल पोचवणारा. आणि 'जोखीम' या शब्दाचे दोन अर्थ आपण अजून वापरतो: धोका, आणि बरोबर बाळगलेली मौल्यवान वस्तू. "अंगावर जोखीम आहे, रात्रीचं जाऊ नको" असं आजी सांगते तेव्हा ती दागिन्यांबद्दल बोलत असते. वस्तू आणि तिचा धोका यांना एकच शब्द.

विमा कंपन्यांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न होता नुसती कुरकुर होईल. स्पेनच्या यादवीत शहरांवर विमानांतून बॉम्ब पडताना सगळ्यांनी पाहिले, आणि १९३७ मध्ये ब्रिटिश विमा कंपन्यांनी आपापसात ठरवलं की जमिनीवरच्या मालमत्तेला युद्धाचा विमा द्यायचा नाही. कारण साधं आहे. आगीत एक गोदाम जळतं आणि बाकीच्या हजार गोदामांच्या हप्त्यांतून त्याची भरपाई होते. हवाई हल्ल्यात हजारही एकाच रात्री जळतात. हप्त्यांचं गणितच उरत नाही. हे कारण खोटं नाही.

पण मग तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या मालवाहू जहाजाला आजही युद्धाचा विमा कसा मिळतो? मिळतो, रोज मिळतो. हप्ता चढतो, काही दिवसांपुरता करार होतो, दर आठवड्याला आकडा बदलतो, पण कुणी 'नाही' म्हणत नाही. म्हणजे युद्धाचा विमा काढताच येत नाही असं नाही. जो घासाघीस करू शकतो त्याच्यासाठी युद्धाला किंमत आहे. जो चौकोनात खूण करतो त्याच्यासाठी युद्ध हा अपवाद आहे. गोदामांचं गणित नाशिकहून निघालेल्या चाळीस पर्यटकांच्या बसला जसंच्या तसं लावणं, हा आमच्या मते आळस आहे, आणि तो फायद्याचा आळस आहे.

न्यायालयांनी हे वाक्य कसं वाचलं तेही बघण्यासारखं आहे. सप्टेंबर १९७० मध्ये पॅलेस्टिनी संघटनेच्या लोकांनी पॅन ॲम कंपनीचं एक जंबो विमान पळवलं, कैरोला नेलं, प्रवासी उतरल्यावर उडवून दिलं. विमा कंपन्या म्हणाल्या, हे युद्ध, आमच्याकडे मागू नका. १९७४ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने सांगितलं की युद्ध व्हायला दोन बाजूंना राज्यं, निदान राज्यासारखं काहीतरी लागतं. ही संघटना राज्य नव्हती, तेव्हा पैसे द्या. पुढे २०१४ मध्ये जेरुसलेममध्ये 'डिग' नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. हमासचे रॉकेट यायला लागल्यावर ते हलवावं लागलं. खर्च नाकारला गेला, कारण तेच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या अपील न्यायालयाने पुन्हा तेच वाचन केलं: विम्याच्या व्यवहारात 'युद्ध' शब्दाला ठरलेला अर्थ आहे, वर्तमानपत्रातला अर्थ इथे चालणार नाही.

म्हणजे काळजीपूर्वक वाचणारा भेटला तर हे वाक्य वाकतं. गंमत अशी, की या दोन्ही खटल्यांत फिर्यादी बड्या कंपन्या होत्या. चाळीस हजार रुपयांच्या दाव्यासाठी डोंबिवलीचा निवृत्त शिक्षक 'युद्ध' शब्दाच्या व्याख्येवर कुठे भांडणार? विमा लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तिथे वकिलाशिवाय अर्ज करता येतो, ही चांगली सोय आहे आणि ती वापरलीही पाहिजे. पण तिथे पोचेपर्यंत बहुतेकांनी कंपनीचं पहिलं पत्रच शेवटचं मानलेलं असतं.

इथवर एक मजकूर झाला. प्रवाशाच्या हातात दुसराही एक मजकूर असतो, तो सरकारचा. दूतावासाची सूचना, आता सगळे ॲडव्हायजरीच म्हणतात. या दोन मजकुरांमधल्या फटीत माणसं पडतात, आणि ती फट व्याकरणाची आहे, असं आमचं म्हणणं आहे.

शाळेत आपण क्रियापदाचे अर्थ शिकलो. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'जा' हा आज्ञार्थ. 'जावे' हा विध्यर्थ, त्यात इच्छा, कर्तव्य, शक्यता, योग्यता असं बरंच काही मावतं. 'गेलो असतो तर' हा संकेतार्थ. आता कीव्हमधल्या भारतीय दूतावासाच्या फेब्रुवारी २०२२ च्या सूचना या कानाने ऐका. मूळ इंग्रजीत आहेत, आम्ही आशय सांगतो.

१५ फेब्रुवारी: परिस्थिती अनिश्चित आहे, तेव्हा ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही अशा भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. विध्यर्थ, आणि तोही 'सोडावा' असा नाही, 'विचार करावा' असा. २० फेब्रुवारी: विद्यार्थ्यांनी तात्पुरतं निघावं असा सल्ला आहे. २२ फेब्रुवारी: ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठं काय कळवतात याची वाट न पाहता निघावं. २४ तारखेच्या पहाटे आक्रमण झालं, हवाई हद्द बंद झाली, त्या दिवशी कीव्हकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परतलं. त्या दिवशीची सूचना: जिथे आहात तिथे सुरक्षित राहा. १ मार्च: आजच्या आज कीव्ह सोडा, गाडी मिळो, काहीही मिळो. २ मार्च: खारकीव्ह ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बबाई, बेझलुदिव्का या गावांपैकी कुठेतरी पोचा, वाहन नसेल तर चालत जा. ही गावं अकरा ते सोळा किलोमीटर लांब होती, आणि रस्ता गोळीबारातला.

पंधरा दिवसांत 'विचार करावा'पासून 'चालत निघा'पर्यंत. क्रियापद इतकं कडक व्हायला दोन आठवडे लागले, आणि ते कडक झालं तोपर्यंत पाळण्याची साधनं संपली होती.

दूतावासाला दोष देणं सोपं आहे. पण सूचना लिहिणाऱ्याची अडचणही खरी आहे. यजमान देशाचं सरकार घबराट नको म्हणतंय, आपल्या सरकारला दोन्ही देशांशी संबंध राखायचे आहेत, आणि युद्ध झालंच नाही तर हजारो विद्यार्थ्यांचं सत्र आपण बुडवलं असं होईल. मग लेखक विध्यर्थात शिरतो. विध्यर्थ ही सरकारी भाषेतली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. त्यात सांगितलंही असतं आणि सांगितलेलं नसतंही.

आता तेच वाक्य वाचणाऱ्याच्या बाजूने पाहा. सोलापूरचा किंवा लातूरचा मुलगा, वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला. विद्यापीठ म्हणतंय वर्ग चालू आहेत, हजेरी लागेल. ऑनलाइन केलेलं वर्ष भारतात धरतील की नाही याची भीती. तिकिटांचे दर चढलेले, आणि वडिलांनी शिक्षणासाठी आधीच कर्ज काढलेलं. 'ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही' हे वाचून तो स्वतःला काय समजेल? त्याचं तर सगळंच अत्यावश्यक आहे. तो विशेषण वाचतो आणि थांबतो. हजारो थांबले. १ मार्चला खारकीव्हमध्ये खायचं आणायला बाहेर पडलेला कर्नाटकचा एक वैद्यकीय विद्यार्थी तोफगोळ्यात गेला. त्यानंतर टीव्हीवर काही शहाण्या माणसांनी विचारलं, की सूचना दिली होती तर ही मुलं निघाली का नाहीत? 'निघाले असते तर.' संकेतार्थ नेहमी दुसऱ्याच्याच तोंडी असतो.

आणि इथे पहिला मजकूर दुसऱ्याला येऊन मिळतो. अनेक पॉलिसींत आणखी एक कलम असतं: सरकारने न जाण्याचा सल्ला दिलेला असताना केलेला प्रवास विम्याबाहेर. म्हणजे दूतावासातल्या अधिकाऱ्याने मुत्सद्देगिरीसाठी वापरलेला मऊ विध्यर्थ विमा कंपनीच्या टेबलावर पोचला की कडक होऊ शकतो. 'टाळावा' म्हणजे मनाई का? 'विचार करावा' म्हणजे सल्ला झाला का? ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याची भाषा ठरलेली आहे. ते दोनच पायऱ्या वापरतात, 'अत्यावश्यक सोडून सर्व प्रवास टाळा' आणि 'सर्व प्रवास टाळा', आणि या सल्ल्याविरुद्ध गेलात तर विमा रद्द ठरू शकतो हे तिथेच लिहितात. अमेरिका २०१८ पासून एक ते चार असे सरळ आकडे देते. ऑस्ट्रेलियाच्याही चार पायऱ्या आहेत. आपलं परराष्ट्र मंत्रालय प्रसंग पडेल तशी सूचना काढतं, दर वेळी नवी शब्दरचना, पायरी कोणती ते वाचणाऱ्याने ताडायचं. आमची तक्रार या ताडण्याबद्दल आहे. ज्या वाक्यावर लाखभर रुपयांचा दावा आणि क्वचित जीवही अवलंबून आहे, ते वाक्य अर्थ लावण्यासाठी मोकळं सोडू नये. कविता मोकळी सोडावी.

तिसरा मजकूर आपल्या सगळ्यांचा आवडता. सुटकेची गोष्ट. राजा कृष्ण मेनन यांचा 'एअरलिफ्ट' जानेवारी २०१६ मध्ये आला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं आणि तिथले लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईत आले, त्या घटनेवर. सिनेमा बांधीव आहे, अक्षय कुमारने काम संयमाने केलं आहे, आणि एक दिल्लीतला कारकुनी कारभार सोडला तर सगळं एका कुवेती-भारतीय उद्योगपतीच्या खांद्यावर आहे. परराष्ट्र मंत्रालयाने आणि माजी अधिकाऱ्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. खरोखर तिथे अनेक माणसं राबली होती, परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल स्वतः बगदादला गेले होते.

आमची हरकत जरा वेगळी आहे. हा सिनेमा संपतो तिथे विमान असतं, झेंडा असतो. त्यानंतर परतलेल्यांचं काय झालं, ही गोष्ट त्यात नाही. त्यात केरळचे लोक सगळ्यात जास्त, पण रत्नागिरी-रायगडच्या गावांतलेही होते. बँकेतली शिल्लक, सामान, थकलेला पगार, सगळं तिकडे. विमा नव्हताच, असता तरी कलम आडवं आलं असतं. पुढे संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून पैसे, आणि अर्ज त्या त्या देशाच्या सरकारमार्फत. नुसतं कुवेत किंवा इराक सोडून पळावं लागलं एवढ्यासाठी माणशी अडीच हजार डॉलर, आणि दुसरा कुठला दावा करणार नसाल तर चार हजार, असे ठोक दर ठरले. ना वकील, ना नुकसानीची मोजदाद. आयोगाने एकूण ५२ अब्ज डॉलरहून अधिक मंजूर केले, आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये चुकता झाला. युक्रेनच्या सहा आठवडे आधी! फॉर्म भरणाऱ्या माणसांवर सिनेमा निघत नाही, हे आम्हालाही कळतं. पण विमानतळावर गोष्ट संपवायची सवय लागली की पुढच्या युद्धानंतर फॉर्म कुठे आहे हे विचारायचं आपण विसरतो. ऑपरेशन गंगामध्ये ९० विमानं आणि सुमारे साडेबावीस हजार माणसं, हा आकडा आपल्याला पाठ आहे. त्यांच्यातल्या किती जणांना बुडालेल्या फीचा एक रुपया मिळाला, हा आकडा कुणी विचारत नाही.

आता शेवटचा मुद्दा. हे कलम वेगळं लिहिता येतं का? येतं, लिहिलेलं आहे. जर्मनीत अपघात विम्याच्या ज्या नमुना अटी आहेत, त्यांतही युद्ध वगळलेलं आहे. पण पुढे एक वाक्य आहे. विमाधारक परदेशात प्रवासात असताना अनपेक्षितपणे युद्धात किंवा यादवीत सापडला, तर संरक्षण चालू राहील, आणि युद्ध सुरू झाल्यापासून सातव्या दिवसाच्या अखेरीस संपेल. आधीच युद्ध पेटलेल्या देशात गेलात तर ही सवलत नाही, लढाईत भाग घेतलात तरी नाही.

'अनपेक्षितपणे सापडला.' आम्ही वाचलेल्या या सगळ्या कागदांत युद्धात सापडलेल्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणारं हे एकच क्रियाविशेषण आहे. युद्ध आधी होतं आणि तू त्यात गेलास, की तू तिथे होतास आणि युद्ध आलं, एवढा फरक ते करतं. आपल्याकडची कलमं हा फरक करतच नाहीत. सात दिवस हा आकडा काही पवित्र नाही. कीव्हच्या तारखा लावून पाहा. २४ फेब्रुवारीपासून मोजलं तर खारकीव्हचा तो मंगळवार सात दिवसांच्या आत येतो. सुमीच्या वसतिगृहांत बर्फ वितळवून पाणी पिणारे सुमारे सातशे विद्यार्थी ८ मार्चला बाहेर पडले, ते बाहेर राहतात. शिवाय तीन-तीन वर्षं राहणारा विद्यार्थी 'प्रवासात' धरायचा का, हा वाद आहेच. तरीसुद्धा हे वाक्य विमा कंपन्यांना बुडवत नाही हे उघड आहे, कारण त्या बुडालेल्या नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी एजंट समोर बसला असेल, किंवा टूर कंपनी 'विमा पॅकेजमध्येच आहे' असं म्हणाली, तर रकमेच्या आकड्याआधी तीन-चार गोष्टी लेखी मागा, ई-मेलवर मागा, फोनवरचं 'हो हो साहेब' धरू नका. निघाल्यानंतर युद्ध सुरू झालं तर उपचाराचा खर्च मिळेल का? हवाई हद्द बंद झाल्याने अडकलो तर पॉलिसीची मुदत आपोआप वाढते का? सरकारी सल्ला म्हणजे कोणाचा सल्ला, आणि कोणत्या तारखेचा, तिकीट काढल्याच्या की निघाल्याच्या? शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो नियम व्हिसा अधिकाऱ्याच्या समाधानासाठी आहे, त्यात युद्धाची हमी नाही. आणि हे सगळं मराठीत द्या म्हणा. आरोग्य विम्यात ग्राहकाला सोप्या भाषेतलं माहितीपत्रक, मागितल्यास स्थानिक भाषेत, द्यावं असं विमा नियामकाने २०२४ पासून ठरवून दिलेलं आहे. मागणारेच फार थोडे आहेत. शिवाय निघण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा, म्हणजे निदान यादीत तरी असाल.

वेळ होत आलेली आहे. समोरून चिठ्ठ्या आल्यात, बऱ्याच आहेत. पहिली चिठ्ठी एका काकूंची आहे, त्यांनी जॉर्डनच्या सहलीचे पैसे भरले आहेत आणि त्या पॉलिसी सोबतच घेऊन आल्या आहेत. (हशा) आणा, आपण अपवादांच्या पानापासून सुरू करू.